जुना हिरो परत आला की फॅन्स एवढे का भांडतात? एका लेटररचं लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे एक वाचक तीन वर्षांपासून ब्रिटनचं '२००० एडी' हे साप्ताहिक कॉमिक डिजिटल घेऊन वाचतायत. त्यांचं निरीक्षण असं, की जुनं कुठलं पात्र परत आणलं की अर्धे फॅन आनंदाने नाचतात आणि अर्धे वर्गणी बंद करायच्या गोष्टी करतात. हे असं का होतं, कॉमिक बनवणारे लोक या प्रतिक्रिया खरंच वाचतात का, आणि जुनी पात्रं परत आणावीतच का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

मी लेटरर आहे. कॉमिकच्या पानावर जे शब्द दिसतात, संवादाचे बलून, कॅप्शन, गोळीबाराचे आवाज, ते सगळं बसवणं हे माझं काम. एकोणीस वर्षं झाली, बहुतेक काम ब्रिटनमधल्या छोट्या प्रकाशकांचं, ठाण्यात घरी बसून. '२००० एडी'साठी मी काम केलेलं नाही, मी त्याची वाचक आहे, पण अँथॉलॉजी, म्हणजे एकाच अंकात वेगवेगळ्या मालिका असलेलं कॉमिक, कशी चालते आणि तिच्यात जुनं पात्र परत आणताना कुठे काय दुखतं हे टेबलावर बसून बघितलंय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी अँथॉलॉजीचं गणित बघा, ते कळलं की अर्धं भांडण कळतं. आपण दिवाळी अंक कसा वाचतो? कोणी आधी कथा उघडतं, कोणी व्यंगचित्रं, घरातलं एखादं माणूस थेट राशिभविष्यावर जातं, आणि अंकातलं निम्मं आपण वाचतच नाही, तरी अंक वाईट होता असं कोणी म्हणत नाही. कारण तो वर्षातून एकदा येतो आणि चांगला जाडजूड असतो. '२००० एडी'चा अंक, ज्याला ते लोक 'प्रोग' म्हणतात, तो दर आठवड्याला येतो, साधारण बत्तीस पानांचा, आत पाच गोष्टी, प्रत्येकीला पाच-सहा पानं. बस. म्हणजे पाच जागा आहेत. एखादी मालिका दहा-बारा आठवडे चालते, म्हणजे जुना हिरो परत आला की पाचातली एक जागा जवळजवळ तीन महिने त्याने अडवली. त्या जागेवर कोणाची तरी कोरी गोष्ट येऊ शकली असती. त्यामुळे जो फॅन चिडतो तो पुष्कळदा त्या पात्रावर चिडलेला नसतोच, तो त्या जागेसाठी चिडलेला असतो. आणि जो खुश होतो त्याच्यासाठी तीच जागा म्हणजे घरातल्या माणसाची खुर्ची असते, ती इतकी वर्षं रिकामी होती. दोघंही एकाच अंकाचे पैसे भरतात. दोघंही बरोबर आहेत असं माझं मत आहे, आणि एडिटरला दोघांनाही धरून ठेवायचं असतं, कारण अँथॉलॉजीत एक गोष्ट न आवडलेला वाचक दुसऱ्या गोष्टीसाठी पुढच्या आठवड्यात येतो, हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे.

हे प्रतिक्रियांचं प्रकरण इंटरनेटमुळे आलं असं समजू नका. १९७० च्या दशकात ब्रिटिश साप्ताहिकांमध्ये कुपन छापलेलं असायचं, मुलांनी आवडत्या गोष्टींची नावं क्रमाने लिहून पाठवायची, आणि त्या मतांवरून ठरायचं की कोण राहणार आणि कोण जाणार. जपानच्या 'शोनेन जंप'मध्ये पोस्टकार्डांवर हेच होतं. त्या काळात एखादं कॉमिक चालेना की प्रकाशक ते दुसऱ्यात विलीन करून टाकायचे, वर 'आनंदाची बातमी' असं छापून, आणि मुलाला पुढच्या आठवड्यात कळायचं की आपलं कॉमिक मेलं. 'स्टारलॉर्ड' १९७८ मध्ये सुरू झालं आणि बावीस अंकांत '२००० एडी'मध्ये विलीन झालं, पुढच्या वर्षी 'टॉर्नेडो'चंही तेच. म्हणजे ब्रिटिश कॉमिक वाचणाऱ्या पिढीला पात्रं अचानक गायब होण्याची लहानपणापासून सवय आहे, आणि म्हणूनच ती परत येण्याबद्दल ते लोक एवढे हळवे आहेत. हे समजून न घेता त्यांच्या प्रतिक्रिया वाचल्या तर ते उगाच आरडाओरडा करतायत असं वाटतं.

आता गंमत बघा, '२००० एडी'ची सुरुवातच एका जुन्या हिरोच्या पुनरागमनाने झालेली आहे. पहिल्या अंकावर २६ फेब्रुवारी १९७७ ही तारीख आहे, किंमत आठ पेन्स. आणि त्या अंकाचं मोठं आकर्षण होता डॅन डेअर. हा डॅन डेअर मूळचा 'ईगल' या साप्ताहिकातला, १९५० मध्ये फ्रँक हॅम्पसन यांनी काढलेला अंतराळातला पायलट, अगदी सभ्य, शिस्तीचा, शब्दाला जागणारा इंग्रज. 'ईगल' १९६९ मध्ये बंद पडलं. मग १९७७ मध्ये त्याला परत आणलं ते असं, की अपघातानंतर तो गोठवलेल्या अवस्थेत होता आणि दोनशे वर्षांनी जागा झाला, चेहराही बदललेला. चित्रं मासिमो बेलार्डिनेली या इटालियन चित्रकाराची, परग्रहावरचे प्राणी असे काही काढलेत की आजही पान उघडलं की मी थांबते. पण 'ईगल' वाचून मोठे झालेले वाचक फार दुखावले. त्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, नाव तेच आहे, माणूस तो नाही. चेहरा वेगळा, स्वभाव वेगळा, सोबतचे लोक नाहीत, मग याला डॅन डेअर म्हणायचं कशासाठी? पुढे डेव्ह गिबन्स चित्रं काढायला लागले, गोष्ट बरीच सुधारली, तरी १९७९ मध्ये ती अर्धवटच थांबली. आणि ज्या कॉमिकला डॅन डेअरच्या जोरावर वाचक ओढायचे होते त्याच कॉमिकच्या दुसऱ्या अंकात जज ड्रेड आला, भविष्यातल्या शहरातला पोलीस आणि न्यायाधीश एकातच, जॉन वॅगनर आणि कार्लोस एझ्केरा यांनी घडवलेला, अगदी कोरा, आणि कॉमिक आजपर्यंत जगलं ते त्याच्यावर.

मग १९८२ मध्ये 'ईगल' नव्याने सुरू झालं तेव्हा त्यांनी वेगळी युक्ती केली, नवा डॅन डेअर हा मूळ डॅन डेअरचा खापरपणतू वगैरे दाखवला. म्हणजे जुन्याला हात लावायचा नाही आणि नाव मात्र वापरायचं. आपल्या पिढीला ही कल्पना नवीन नाही, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवा, मराठीत आपण तो वाचला, तो अमर आहे असं जंगलातले लोक समजतात पण खरं तर बापाकडून मुलाकडे मुखवटा जातो आणि आपण वाचतो तो एकविसावा. त्या पात्राच्या रचनेतच परत येण्याची सोय आहे, त्यामुळे ते कोणाला खटकत नाही. डॅन डेअरच्या रचनेत ती सोय नव्हती, ती नंतर बाहेरून जोडलेली होती, आणि वाचकाला शिवण दिसते.

आता मुख्य मुद्दा. '२००० एडी'च्या फॅन्सना समजून घ्यायचं असेल तर जज ड्रेडचं वय समजून घ्या. ड्रेडच्या गोष्टीत आपलं एक वर्ष गेलं की तिकडे पण एक वर्ष जातं. १९७७ मध्ये गोष्ट २०९९ सालात होती, आज ती तेवढीच पुढे सरकलेली आहे, आणि ड्रेड म्हातारा झालाय. लढाईत शहर उद्ध्वस्त झालं तर पुढच्या वर्षी ते उद्ध्वस्तच असतं. मेलेला मेलेलाच राहतो, निदान बहुतेक वेळा. अमेरिकेतल्या सुपरहिरोंसारखं चार वर्षांनी सगळं पुसून परत एक नंबरपासून सुरू असं इथे होत नाही. म्हणजे या वाचकांना जवळजवळ पन्नास वर्षं एकच गोष्ट शिकवलेली आहे, की इथे जे घडतं ते घडतं. अशा वाचकासमोर तुम्ही मेलेलं पात्र परत आणलं तर तो आधी हे विचारणार की मग ते मरण खोटं होतं का? आणि ते मरण वाचून मी रडलो ते काय होतं?

जॉनी अल्फाचं सांगते, कारण या विषयात त्याच्याएवढं चांगलं उदाहरण मला माहीत नाही आणि मला स्वतःला तो फार जवळचा आहे. 'स्ट्राँशियम डॉग' ही मालिका वॅगनर आणि एझ्केरा यांचीच, आधी 'स्टारलॉर्ड'मध्ये, मग विलीन झाल्यावर '२००० एडी'मध्ये, पुढे लिहिण्यात अ‍ॅलन ग्रँट आले. जॉनी अल्फा हा म्युटंट, डोळ्यांत किरण घेऊन जन्मलेला. म्युटंटांना दुसरं कुठलं कामच मिळत नाही म्हणून तो गुन्हेगार पकडून बक्षिसावर जगतो. त्याच्यासोबत वुल्फ नावाचा हातोडेवाला व्हायकिंग, तोडकंमोडकं बोलणारा, त्या हातोड्याला 'डर हॅपी स्टिक' म्हणणारा. आणि मिडनफेस मॅकनल्टी, ज्याची स्कॉटिश बोली स्पेलिंगसकट छापलेली असायची. एक लेटरर म्हणून सांगते, तीन माणसं तीन वेगळ्या पद्धतीने बोलतात आणि बलूनची शेपटी झाकली तरी कळतं कोण बोलतंय, असं लिखाण हाती येणं हे आमच्या धंद्यात भाग्य असतं.

तर हा जॉनी अल्फा १९९० मध्ये मारला. 'द फायनल सोल्यूशन' ही मालिका १९८८ ला सुरू झाली, मध्ये मध्ये थांबत थांबत दोन वर्षं चालली, लेखन ग्रँट यांचं. आणि एझ्केरा यांनी ती काढायला नकार दिला, आपण घडवलेल्या माणसाला असं मारणं त्यांना पटलंच नाही. मग आधी सायमन हॅरिसन आणि शेवटी कॉलिन मॅकनील यांनी चित्रं काढली. शेवट चांगला होता की वाईट यावर आजही फॅन्स दोन बाजूंना उभे राहतात, पण एक गोष्ट कोणी नाकारत नाही, की ज्या हाताने तो जन्मला तो हात त्याच्या मरणाच्या वेळी नव्हता. मला वाटतं वाचकांच्या मनात जी जखम राहिली ती मरणाची कमी आणि याची जास्त आहे. पुढे काही वर्षं त्याच्याशिवाय, उरलेल्या साथीदारांना घेऊन मालिका चालवून बघितली, गार्थ एनिस यांनी लिहिली, पण ज्याच्या नावाने घर ओळखलं जातं तो माणूसच घरात नाही अशी ती अवस्था होती.

मग १९९९ च्या डिसेंबरात, मिलेनियमच्या खास अंकात, वॅगनर आणि एझ्केरा दोघं मिळून त्याला घेऊन परत आले. पण जिवंत करून नाही. गोष्ट त्याच्या मरणाच्या आधीच्या काळात ठेवली, आणि भूमिका अशी घेतली की आधी छापलेलं म्हणजे लोकांनी सांगितलेल्या दंतकथा समजा, खरी हकीकत ही आहे. आता यावर प्रतिक्रिया काय आली असेल याचा अंदाज करा. एझ्केरांची ती जाड, काठाला तुटक तुटक होत जाणारी रेष परत दिसली म्हणून लोकांना भरून आलं. आणि त्याच वेळी बऱ्याच जणांना 'दंतकथा' हा शब्द बोचला, कारण त्यांनी लहानपणी जपून ठेवलेल्या अंकांना कोणीतरी खोटं म्हणत होतं. एकाच वाचकाच्या मनात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या! म्हणून मी नेहमी म्हणते की फॅन्सचे दोन गट पडतात हे अर्धं खरं आहे, पुष्कळदा एकाच माणसाचे दोन गट पडलेले असतात.

आणि मग २०१० मध्ये वॅगनर आणि एझ्केरा यांनी ते केलं जे मला आजही सगळ्यात धाडसी वाटतं. 'द लाइफ अँड डेथ ऑफ जॉनी अल्फा'. यात मिडनफेस म्हातारा झालेला आहे, आणि एक पत्रकार बाई जॉनीच्या मृत्यूचं सत्य शोधायला निघालीय, दोघं मिळून ज्यांनी तो मरताना पाहिला त्यांचा माग काढतात. बघा काय केलं ते: १९९० चं मरण पुसलं नाही, उलट तेच मरण गोष्टीचा विषय केलं. मधली वर्षं मोजली. जे वाचकाने भोगलं होतं ते मिडनफेसनेही भोगलेलं दाखवलं. म्हणजे वाचकाचा प्रतिनिधी गोष्टीत होता, आणि तो चिडलेला होता, थकलेला होता, त्यालाही खरं काय ते हवं होतं. जॉनीला परत आणणं सगळ्यांना पटलं असं मी म्हणणार नाही, न पटणारे आजही आहेत, पण 'आमच्या दुःखाची फसवणूक केली' हा आरोप बऱ्यापैकी विरघळला, कारण ते दुःख पानावर होतं. मी स्वतः पहिला भाग वाचला तेव्हा शेवटच्या पॅनेलनंतर, म्हणजे शेवटच्या चौकटीनंतर, बराच वेळ टॅबलेट हातात धरून बसले होते. एझ्केरा ऑक्टोबर २०१८ मध्ये गेले. त्यांनी स्वतःच्या हाताने त्या माणसाला परत काढलं, याचं मला फार समाधान आहे.

रोग ट्रूपरची गोष्ट वेगळी, तिथे मरण नाही तर गोष्टीचं इंजिन, म्हणजे ती कशावर चालते, हा प्रश्न होता. १९८१ मध्ये जेरी फिनली-डे आणि डेव्ह गिबन्स यांनी आणलेला निळ्या कातडीचा सैनिक, विषारी हवेच्या ग्रहावर एकटा, आणि त्याचे तीन मेलेले मित्र चिपच्या रूपाने त्याच्या बंदुकीत, पिशवीत आणि हेल्मेटमध्ये बोलतायत. लेटररसाठी हे काय आहे सांगू का, चार माणसांचा संवाद आणि पानावर एकच माणूस! तीन बलूनच्या शेपट्या वस्तूंकडे जातात. त्याची सगळी गोष्ट ज्या गद्दार जनरलला शोधण्यावर चालायची तो सापडल्यावर पुढे काय, हे कोणालाच नीट सुचलं नाही. मग १९८९ मध्ये गिबन्स यांनीच विल सिम्प्सन यांच्यासोबत नव्याने सुरुवात केली, नवा सैनिक, नाव फ्रायडे. रंगवलेली चित्रं अप्रतिम, आणि ती पहिली मालिका मला आजही आवडते. पण पुढे फ्रायडेला चालवताना लोकांना चुकल्यासारखं वाटायला लागलं ते त्या बोलणाऱ्या मित्रांमुळे, आणि नंतर जुना आणि नवा या दोघांना एका धाग्यात ओवायचे प्रयत्न झाले त्याने गुंता वाढला. २०२३ मध्ये एनिस आणि पॅट्रिक गोडार्ड यांनी 'ब्लायटी व्हॅली' केली तेव्हा त्यांनी साधं केलं, मूळ रोग, मूळ मित्र, आणि पहिल्या महायुद्धाचे सैनिक. बंदूक, पिशवी, हेल्मेट परत बोलायला लागले. कोणाला काय हवं होतं ते तिथे स्पष्ट झालं असं मला वाटतं.

रोबो-हंटरचं थोडक्यात. वॅगनर आणि इयन गिब्सन यांचा सॅम स्लेड, विनोदी, सगळे रोबो मूर्ख आणि तोच एकटा वैतागलेला. नव्वदच्या दशकात तो दुसऱ्या हातांनी परत आणला, विनोदाची जातच बदलली, आणि वाचकांनी ते स्वीकारलं नाही. नंतर २००३-०४ च्या सुमारास ग्रँट आणि गिब्सन यांनी त्याची नात समँथा आणली, गिब्सन यांची ती रेष परत दिसली, लोक शांत झाले. यावर जास्त लिहित नाही.

पण जज डेथबद्दल लिहायलाच हवं, कारण जास्त वेळा परत आणण्याचा धोका तिथे दिसतो. १९८० मध्ये आला तेव्हा ब्रायन बोलंड यांच्या चित्रांत तो खरोखर भीतीदायक होता, जगणं हाच गुन्हा म्हणणारा न्यायाधीश. लोकांना आवडला म्हणून परत आणला, परत आणला, आणि दर वेळी थोडा विनोद वाढत गेला, नव्वदच्या सुमाराला तर त्याचं बालपणसुद्धा विनोदी अंगाने आलं. भीती वाटणाऱ्या पात्रावर एकदा वाचक हसला की परत घाबरत नाही, ही साधी गोष्ट आहे. त्याला परत भयानक करायला खूप वर्षं लागली, वॅगनर आणि ग्रेग स्टेपल्स यांची 'डार्क जस्टिस' २०१४-१५ ची, आणि मग केक-डब्ल्यू या टोपणनावाचे लेखक आणि डेव्ह केंडल यांनी त्याच्या मूळ जगाचा ऱ्हास दाखवणारी मालिका केली, ती तर मी रात्री वाचत नाही. इथे फॅन्सची तक्रार आणि फॅन्सचं प्रेम एकाच दिशेने होतं, दोघंही म्हणत होते की तो परत घाबरवायला हवा, आणि ते ऐकलं गेलं.

सध्या हा प्रश्न अजून मोठा झालाय कारण '२००० एडी'ची मालक असलेल्या ऑक्सफर्डच्या रिबेलियन कंपनीने २०१६ आणि २०१८ मध्ये दोन टप्प्यांत ब्रिटनच्या जुन्या साप्ताहिकांचा प्रचंड साठा विकत घेतला. 'बॅटल', 'अ‍ॅक्शन', 'मिस्टी', 'टॅमी', 'रॉय ऑफ द रोव्हर्स' सगळं. म्हणजे कपाटात आता शेकडो पात्रं आहेत. मला त्यातलं सगळ्यात मौल्यवान वाटतं ते जुन्याचं नीट पुनर्मुद्रण, कारण त्यामुळे नवीन वाचकाला मूळ काय होतं ते हातात मिळतं. नवीन गोष्टी म्हणाल तर 'मिस्टी' आणि 'टॅमी'सारख्या मुलींच्या कॉमिकचे खास अंक आले तेव्हा ज्या बायका चाळीस वर्षांपूर्वी ते वाचायच्या त्या परत दुकानात गेल्या, आणि ही गोष्ट ब्रिटिश कॉमिकच्या चर्चेत फार कमी बोलली जाते. फॅन म्हटलं की पन्नाशीतला पुरुष असं धरूनच सगळे चालतात. त्या काळात मुलींची साप्ताहिकं मुलांच्या साप्ताहिकांच्या तोडीस तोड खपायची. त्यांच्या पात्रांना कोण परत मागणार, त्या वाचकांना तर कोणी विचारलंच नव्हतं.

लहान मुलांसाठीच्या 'रीजेन्ड' अंकांवरून झालेला वाद तुम्ही बघितला असेल, वर्षातून काही आठवडे नेहमीचा अंक थांबवून सगळ्या वयाच्या वाचकांसाठीचा अंक, त्यात ड्रेड कॅडेट म्हणजे शाळकरी वयाचा. मोठे वाचक म्हणाले आमच्या मालिका मध्येच थांबतात, आमचा आठवडा गेला. त्यांची अडचण खरी आहे. पण १९७७ चा अंक दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठीच होता हे पण तितकंच खरं आहे, आणि मला ते अंक हवे होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आम्ही वाचतो का. वाचतो. पण एक व्यावहारिक अडचण असते ती बाहेरून दिसत नाही. तुम्ही पहिला भाग वाचून लिहिता तेव्हा आमच्याकडे सहावा-सातवा भाग लेटरिंगला आलेला असतो, स्क्रिप्ट तर पूर्ण कधीच झालेली असते. म्हणजे चालू मालिकेत तुमच्या प्रतिक्रियेने काही बदलणं जवळजवळ अशक्य. आणि पहिल्या भागावरची प्रतिक्रिया तशीही फार भरवशाची नसते, कारण सहा पानांत जुन्या पात्राची ओळख नवीन वाचकाला करून द्यायची असते, त्यात दोन पानं जातात, जुना वाचक म्हणतो हे मला माहीत आहे, नवीन वाचक म्हणतो अजून काही कळलं नाही, आणि दोघंही नाराज होऊन लिहायला बसतात. मी चौथा भाग छापून येईपर्यंत काही वाचत नाही. चौथ्या भागानंतर लोक जे लिहितात ते गोष्टीबद्दल असतं, पहिल्यानंतर लिहितात ते स्वतःच्या आठवणींबद्दल असतं. दोन्हीला किंमत आहे, पण वेगवेगळी.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते, नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी एका छोट्या प्रकाशकाने सत्तरच्या दशकातल्या एका रोबोची मालिका परत आणली, लेटरिंग माझ्याकडे आलं. मी जुनी पानं मागितली, तर उत्तर आलं की नवीन वाचकांसाठी करतोय, जुनं बघू नका, फ्रेश करा. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं, पण मुदत जवळ होती आणि मी हट्ट धरला नाही, तो धरायला हवा होता. रोबो आहे म्हणून चौकोनी बलून केले, कडक फॉन्ट, स्वच्छ दिसत होतं. अंक आला आणि प्रतिक्रियांमध्ये लोक म्हणायला लागले की चित्र छान, गोष्ट छान, पण हा तो वाटत नाही, आणि का वाटत नाही ते कोणालाच सांगता येईना. चित्रकाराला वाटलं त्याचं चुकलं. लेखकाला वाटलं त्याचं चुकलं. दोघंही अस्वस्थ. मग एका वाचकाने जुन्या अंकाचं एक पान स्कॅन करून पाठवलं, सोबत शिव्या नाहीत की भाषण नाही, फक्त एका बलूनभोवती पेन्सिलने गोल केलेला. मूळ रोबोचा बलून थरथरत्या रेषेचा होता, हाताने काढलेला, जणू त्याचा आवाज कापतोय, आणि त्यामुळेच तो दयाळू वाटायचा. माझ्या चौकोनाने त्याला कठोर केलं होतं. शब्द तेच होते.

मी ते पान प्रिंट काढून टेबलासमोर लावलं. जुन्या काळात टॉम फ्रेम यांच्यासारखे लोक ड्रेडची पानं हाताने लिहायचे, आठवड्यामागून आठवडे, आणि वाचकाच्या कानात ड्रेडचा जो आवाज आहे तो त्यांच्या हाताचाही आहे, हे मला माहीत होतं तरी मी विसरले होते. त्या मालिकेचं पुस्तक निघालं तेव्हा प्रकाशकाला सांगून मी सगळे बलून नव्याने काढले, शंभरावर असतील, त्याचे पैसे मागितले नाहीत.

तिसरा प्रश्न, परत आणावीत का. माझं उत्तर हो, पण ज्यांनी ती घडवली त्यांना आधी विचारून, आणि ते नसतील तर जुनी पानं समोर ठेवून, आणि मधली वर्षं गोष्टीत मोजून. आणि पाच जागांपैकी दोनपेक्षा जास्त जागा एका वेळी जुन्या पात्रांना देऊ नयेत असं मला वाटतं, कारण जॉनी अल्फा, रोग आणि ड्रेड हे सगळे एके काळी कोणालाही माहीत नसलेले होते आणि कोणीतरी त्यांच्यासाठी जागा रिकामी ठेवली होती. 'ईगल'च्या आठवणींवर उभा केलेला डॅन डेअर दोन वर्षांत थांबला, हे एडिटरच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवावं.

आणि तुम्ही प्रतिक्रिया लिहीत राहा, वर्गणी बंद करायच्या आधी तर नक्की लिहा. फक्त 'पूर्वीसारखं नाही' एवढंच लिहू नका, त्यातून आम्हाला काही शोधता येत नाही. कुठल्या पानावर, कुठल्या पॅनेलला तुम्हाला पहिल्यांदा खटकलं ते लिहा, अंकाचा नंबर टाका, आणि जुनं पान हाताशी असेल तर त्याचा फोटो जोडा.